जुनी सहा, नवी चार : आमच्या संकलनाच्या कामाच्या नोंदी

9 जून 2025, सोमवार

संकलनाचं पक्कं झालं. जुनी सहा गाणी आणि सोबत नवी. नवी किती, ते ती कशी उतरतात त्यावर. बँड 1996 पासून वाजवतोय. पण नावावर काय, तर दोन कॅसेटी आणि 2012 च्या एका कार्यक्रमाचं मिक्सरवरून घेतलेलं रेकॉर्डिंग. कॅसेटीही दारव्हा तालुक्यात कुणाच्या माळ्यावर, कुणाच्या पेटीत पडून आहेत. शारदोत्सवात आम्ही स्टेजवर चढलो की पोरं 'शकुंतला, शकुंतला' ओरडतात. शकुंतला म्हणजे आमच्याकडची छोटी आगगाडी, तिच्यावरचं ते गाणं. मूळ गाणं त्यांच्यापैकी कुणी ऐकलेलंच नाही, कारण ते गाणारा आमचा पहिला गायक 2009 साली गेला. त्याचा आवाज या पोरांपर्यंत पोचलाच पाहिजे. आणि त्याच्यानंतर ज्यानं हा बँड आपल्या गळ्यावर उचलून धरला, तो आत्ताचा गायकही त्याच्या शेजारी मानानं ऐकू आला पाहिजे.

समोर नमुना ठेवलाय एसी/डीसी या रॉक बँडचा 1986 चा 'हू मेड हू'. स्टीफन किंगच्या चित्रपटासाठी काढलेला अल्बम, गाणी नऊ. त्यांतली तीन नवी: एक शब्दांचं, दोन नुसती वाद्यांची. उरलेली सहा 1976 ते 1985 या काळातली. चुलतभाऊ नागपूरला शिकायला होता, त्यानं बर्डीवरून ही कॅसेट आणली होती. ऐकताना कोणतं जुनं नि कोणतं नवं हे मला कळलंच नव्हतं. सगळं एका बैठकीत वाजवल्यासारखं वाटलं होतं. पुढं कधीतरी सालं बघितली तेव्हा ध्यानात आलं की नवी गाणी त्यांनी एका गठ्ठ्यात शेवटी ढकललेली नाहीत. पहिलं नवं, तिसरं नवं, आठवं नवं. जुन्या गाण्यांच्या मधे मधे ती पुलासारखी टाकली आहेत.

वहीच्या पहिल्या पानावर एक वाक्य लिहून ठेवतोय. पुढं वाद होतील तेव्हा सगळ्यांना दाखवता येईल. जुन्याला नवं करायचं नाही. नव्याला जुन्याच्या शेजारी उभं राहता आलं पाहिजे. जे उभं राहणार नाही ते गाणं घ्यायचं नाही.

14 जून, शनिवार

मास्टर टेप नाहीतच. जिथं 1998 साली पहिली कॅसेट केली तो स्टुडिओ कधीचा बंद झाला. गावोगावी फोन करून पहिल्या कॅसेटच्या तीन प्रती आणि दुसरीच्या दोन जमवल्या. एका प्रतीच्या पट्टीवर पांढरी बुरशी आहे. त्या घरच्या काकूंनी ती उन्हात ठेवली होती, ती लगेच आत घ्यायला लावली. ऊन लागलं की खोका वाकतो आणि पट्टी आखडते. आता ती सिलिका जेलच्या पुड्यांसोबत बंद डब्यात आहे. दुसऱ्या प्रतीतली फेल्टची बारीक गादी गळून पडली आहे. ती गादी नसली की पट्टी हेडला नीट टेकत नाही आणि आवाज पोटात गेल्यासारखा येतो. त्या प्रतीची रिळं काढून स्क्रूच्या नव्या खोक्यात बसवली.

यवतमाळच्या जुन्या कॅसेटवाल्या भाऊंनी त्यांचं डेक दिलं. हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसलं, रबरी रोलर पुसला. मग खरं काम, हेडचा स्क्रू. कॅसेटची पट्टी चार मिलिमीटरहूनही अरुंद. तिच्यावर दोन्ही बाजू धरून चार माग, आणि ती सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटरनं सरकते. एवढ्याशा जागेत हेड केसभर तिरपं असलं तरी झांजेचा वरचा आवाज नाहीसा होतो. डावा-उजवा चॅनल एकत्र करून मोनोत ऐकायचं आणि बारीक पेचकसानं स्क्रू हळूहळू फिरवायचा. एका जागी अचानक हाय-हॅट, म्हणजे ड्रमची जोडझांज, उघडते, तिथं थांबायचं. प्रत्येक कॅसेट वेगळ्या मशीनवर भरलेली, म्हणून प्रत्येकीला स्क्रू नव्यानं लावावा लागतो. घाई केली की 'जुनं रेकॉर्डिंग असंच असतं' असं म्हणून लोक सोडून देतात. बऱ्याचदा जुनं रेकॉर्डिंग चांगलंच असतं, ते वाचणारं हेड तिरपं असतं.

24 बिट, 96 किलोहर्ट्झवर घेतोय. डेकमधली डॉल्बी, म्हणजे खरखर दाबायची सोय, बंद, कारण कॅसेट डॉल्बीशिवाय भरलेली आहे.

19 जून, गुरुवार

शकुंतलेच्या गाण्याचा वेग खटकत होता. त्याचा आवाज जरा पातळ, जरा पोरगेला येतोय. तो असा गात नव्हता. पण माझ्या आठवणीवर टेपचा वेग ठरवणं बरोबर नाही, मोजायला काहीतरी पक्कं हवं.

टेपवर मागं विजेचा घुंई आवाज आहे. वीज 50 हर्ट्झची, म्हणून त्या घुंईवरून वेग काढता येतो असं एकानं सुचवलं. पद्धत बरोबर आहे, पण नव्वदच्या दशकात आपल्या ग्रिडची फ्रिक्वेन्सी 50 वर स्थिर नसायची, खालीवर व्हायची. त्या घुंईवर गाण्याचा सूर टांगता येत नाही.

मग बेसवाल्याला आठवलं की गाण्याच्या सुरवातीला पेटी आहे. भजनी मंडळाची. गिटार शिरण्याआधी नुसता एक सूर धरलेला, त्याच्यावर खंजिरी. आमच्याकडे राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या खंजिरी भजनांवरच सगळ्यांचे कान तयार झाले, तिथूनच ती सुरवात आली. तीच पेटी अजून मंदिरात आहे. आज संध्याकाळी भजनाच्या आधी अध्यक्ष काकांना विचारून ती काढली, भाता हळू चालवून पांढरी तीन धरली आणि फोनवर मोजली. टेपवरची तीच पट्टी पांढरी तीन आणि पांढरी चार यांच्या मधे कुठंतरी लोंबकळतेय. हिशेब केला तर टेप सव्वादोन टक्क्यांच्या आसपास वेगानं पळतेय.

वेग उतरवला. 4 मिनिटं 10 सेकंदांचं गाणं 4 मिनिटं 16 सेकंदांचं झालं. सहाच सेकंद वाढले, पण त्याची छाती परत आली. 'स्टेशन' म्हणताना तो 'ट'वर जो जोर द्यायचा तो जोर परत आला. मंदिराच्या ओट्यावर आम्ही चौघं होतो. बेसवाला म्हणाला, "हाव, हाच हाय तो."

पेटीच्या पितळी पात्याही वर्षांत किंचित उतरतात, हे धरून चाललोय. तेवढा फरक सोडून द्यायचा.

27 जून, शुक्रवार

मृग बरसला आणि ड्रमर पेरणीत अडकला. तोवर जागा लावून घेतली. जिनिंगचं गोडाऊन मिळालंय. कापसाचा हंगाम उन्हाळ्यापर्यंत संपतो आणि दिवाळीपर्यंत जिनिंग थंड असते, त्यामुळं मालकांनी आनंदानं किल्ली दिली. वर टिन, खाली कोबा. टाळी वाजवली की चारी भिंतींवरून परत येते.

बिछायतवाल्या दादांच्या गाद्या भाड्यानं आणल्या. कोपऱ्यांत छतापर्यंत थप्प्या रचल्या, कारण खालचे सूर कोपऱ्यात साचतात आणि पातळ गादीला ते जुमानत नाहीत. 100 हर्ट्झच्या एका लाटेची लांबी साडेतीन मीटरच्या आतबाहेर. तिला अडवायला बोटभर जाडीचं काही कामाचं नाही. वरच्या सुरांसाठी लाकडी चौकटीत रुई भरून वर मांजरपाट ताणला. बाहेरगावचे स्टुडिओवाले यासाठी काचतंतू विकत आणतात. आमच्याकडे पांढरं सोनं पोत्यात आहे आणि ते आवाज उत्तम खातं.

विजेचं दुखणं मोठं. संध्याकाळी शिवारातले पंप सुरू झाले की व्होल्टेज पडतं आणि गिटारच्या अँपमधून भुंगा सुरू होतो. आधी नवीन अर्थिंग घेतलं: खड्डा, तांब्याची पट्टी, कोळसा आणि मिठाचे थर, वरून दोन घागरी पाणी. भुंगा निम्म्यावर आला. लॅपटॉप आणि मिक्सर इन्व्हर्टरच्या बॅटरीवर टाकले, अँप वेगळ्या लाइनवर. उरलेला गेला.

2 जुलै, बुधवार

ड्रमचे चार माइक लागले: किक, स्नेअर आणि वरून दोन. माझ्या साउंड सर्व्हिसकडे बारा लावण्याएवढे माइक आहेत, तरी चारच लावले. 1998 च्या रेकॉर्डिंगमधे ड्रम एका खोलीत उभे असल्यासारखे ऐकू येतात, प्रत्येक ड्रम कानाला चिकटलेला नाही. नवी गाणी त्यांच्या शेजारी बसणार असतील तर खोली ऐकू आली पाहिजे.

रुळांच्या गाण्याचे ड्रम घेतले. शकुंतलेच्या गाण्यातला ठेका ड्रमरनं गाडीवरून उचललेला होता. यवतमाळ-मूर्तिजापूर लाइन अरुंद, 762 मिलिमीटरची. डबे हलके, आणि रुळांच्या सांध्यावरून जाताना येणारा आवाज लंगडा. 1994 साली वाफेचं इंजिन जाऊन डिझेल आलं, आणि पुढं गाडीच थांबली. ज्या कापसासाठी ती लाइन टाकली तो आता ट्रकनं जातो. नव्या गाण्यात तोच लंगडा ठेका निम्म्या लयीत आहे, ओस रुळांवरून पायी चालावं तसा. ऐकणाऱ्याला हे सांगायची गरज नाही. दोन्ही गाणी एका अल्बममधे आली की त्याचे पाय ओळखतील.

6 जुलै, रविवार

आषाढी एकादशी. पेटी मंदिरात, म्हणून तिचं काम बंद. आज डफडं घेतलं.

पावसाळ्यात डफड्याचं कातडं ओल धरतं आणि आवाज बसतो. वाजवणारे मामा येतानाच पऱ्हाट्यांची मोळी घेऊन आले. गोडाऊनच्या दाराबाहेर, पाणी लागणार नाही अशा जागी त्यांनी जाळ केला. डफडं उभं धरून जाळासमोर फिरवायचं, एका जागी थांबायचं नाही. मधेच बोटानं टिचकी मारून बघायचं. पहिल्यांदा 'धप', मग 'धम', मग एकदम कडक 'टण' निघतो. तो निघाला की ते जवळजवळ पळतच माइकसमोर येत. एक-दोन टेकमधे कातडं पुन्हा उतरे, की परत जाळ. तापलेलं डफडं माइकपासून हातभर लांब ठेवलं तर काडीचा टोल स्वच्छ येतो आणि कातड्याची गुंजही राहते. जवळ घेतलं तर नुसता टोल.

ट्यूनर त्यांना दाखवला. त्यांनी तो बाजूला ठेवून सांगितलं, "गिटार वाजवून दाखव, मी त्याच्याजोगं तापवतो." आणि खरंच त्याच्याजोगं तापवलं. दोन गिटार, बेस आणि डफडं असा वाद्यांचा तुकडा तयार झाला. शब्द नाहीत. 'हू मेड हू'मधे बिनशब्दांचे दोन तुकडे जे काम करतात तेच याच्याकडून हवंय: एका आवाजातून दुसऱ्या आवाजात जाताना कानाला उसंत.

11 जुलै, शुक्रवार

दिवसभर पाऊस. टिनावर पाणी असताना माइक उघडता येत नाही. केबली तपासल्या, घरी गेलो.

23 जुलै, बुधवार

काल ब्लॅक सॅबथ या बँडचा गायक ऑझी ऑस्बॉर्न गेला. 5 जुलैला बर्मिंगहॅममधे, ज्या भागात तो वाढला त्याच भागातल्या मैदानावर, बँडच्या मूळच्या चौघांचा शेवटचा कार्यक्रम करून गेला; त्याला अजून तीन आठवडेही झाले नव्हते. आज गोडाऊनमधे कुणी काही ठरवलं नव्हतं, पण सगळे आले. काम करत बसलो, तेच बरं वाटलं.

योगायोगानं आजचा विषय सॅबथचाच होता. आत्ताचा गायक पन्नाशीकडे आलाय. 2012 साली तो ज्या पट्टीत गायचा ती आता त्याच्या गळ्याला ओढाताण करते. ड्रमर म्हणत होता की गाणं संगणकावर खाली आणू. मी नाही म्हटलं. तारा खाली आणू. सॅबथचा गिटारवाला टोनी आयोमी, त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं सतराव्या वर्षी पत्र्याच्या कारखान्यात गेली. त्यानं प्लास्टिक वितळवून बोटांना टोप्या केल्या, हलक्या तारा लावल्या, आणि 1971 च्या अल्बममधे गिटार दीड स्वर खाली उतरवली. तारा सैल झाल्या, बोटांना सोपं गेलं आणि त्यातून जो जड, खोल आवाज निघाला त्यावर पुढच्या कितीतरी बँडनी आयुष्य काढलं. हाताला झेपेल तसं वाद्य लावलं, म्हणून तो आवाज जन्मला. गळ्याचंही तसंच करायला काय हरकत आहे?

नवी सगळी गाणी पूर्ण एक स्वर खाली घेतली. रात्रीच्या पाण्याचं गाणं पहिल्यांदाच मनासारखं उतरलं. थ्री फेज रात्री येते, म्हणून माणूस बॅटरी घेऊन ओलिताला जातो, साप-विंचवातून दांडानं पाणी वळवतो, पहाटे घरी येतो, एवढंच गाणं. वरच्या पट्टीत ते तक्रार वाटायचं. खाली आणल्यावर ते ओलिताला गेलेल्या माणसाच्या आवाजात आलं.

2 ऑगस्ट, शनिवार

पहिल्या गायकाच्या घरी गेलो. सहा जुन्या गाण्यांपैकी चार त्यानं गायलेली, आणि त्या चारही गाण्यांचे शब्द त्याचे. कायद्यानं शब्दांचा हक्क लिहिणाऱ्याच्या मृत्यूनंतर 60 वर्षं टिकतो आणि तो वारसांकडे जातो. आपला मित्र होता, घरच्यासारखे आहोत, हे सगळं खरं. तरी कागद झालाच पाहिजे. जवळच्या माणसांत कागद केला नाही की पुढच्या पिढीत भांडण उभं राहतं.

करारात मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. गाणी नेटवर जगभर जाणार, म्हणून 'सर्व देश' आणि 'दहा वर्षं' असं स्पष्ट लिहिलं. त्याच्या धाकट्या भावानं एकेक कलम मोठ्यानं वाचून मायला समजावलं. वहिनींनी विचारलं, पैसे किती येतील? खरं ते सांगितलं: फार येणार नाहीत, पण शब्दांचा वाटा पहिल्या रुपयापासून तुमचा, आणि दर वर्षी हिशेबाचा कागद घरी येईल. वहिनींनी सही केली, मायनं अंगठा दिला.

मग गाणं ऐकवलं. शकुंतलेच्या गाण्याची दोन रूपं नेली होती. एक साफ केलेलं: खरखर कमी, सुरवातीचा मोकळा भाग कापलेला, पहिल्याच क्षणी पेटी. दुसरं टेपवर होतं तसं, नुसता वेग बरोबर केलेला. त्यात पेटीच्या आधी खुर्ची सरकते, तो खाकरतो, 'चाल बे' म्हणतो, आणि मग सूर लागतो. मायला हेडफोन देत होतो. ती म्हणाली, "कानात काय घालू बाबू, मोठ्यानं लाव ना." स्पीकरवर लावलं. हातातली तूर निवडणं तिनं थांबवलं नाही. पहिलं संपलं तेव्हा काही बोलली नाही. दुसरं सुरू झालं, तो खाकरला, आणि तिनं सूप खाली ठेवलं. पूर्ण गाणं ऐकलं.

"हे दुसरं ठेव," म्हणाली. "गाण्याआधी तो असाच खाकरे."

दुसरं ठेवलं. बाकीच्या तिन्ही गाण्यांचीही साफसफाई मागं घेतली. खरखरीचा उपाय म्हणून चालवलेलं सॉफ्टवेअर खरखरीसोबत झांजेचा शेवट आणि श्वासही खातं. टेपची खरखर दहा सेकंदांत कानाला सवयीची होते. गेलेला श्वास परत येत नाही.

9 ऑगस्ट, शनिवार

बोंडअळीच्या गाण्याचा आवाज घेतला. 2017 साली गुलाबी बोंडअळीनं बीटी कपाशीचीही बोंडं आतून खाल्ली. वरून बोंड शाबूत, फोडलं की सडलेलं. गायकाच्या स्वतःच्या वावरात ते झालं होतं आणि शब्दही त्याचेच. एका दमात गायला. शेवटच्या कडव्यात त्याचा आवाज फाटतो. तो म्हणाला, पुन्हा घेऊ. बाकी सगळे म्हणाले, हेच.

17 ऑगस्ट, रविवार

क्रमावर बैठक. सकाळी सुरू झालेली अंधार पडेपर्यंत चालली, आणि चालायलाच हवी होती.

ड्रमरचं म्हणणं: जुनी सगळी आधी, लोक त्यासाठीच येतात, नवी शेवटी. बेसवाल्याचं नेमकं उलट. गायक गप्प होता. मग त्यानं जे मनात होतं ते काढलं. "मी त्याच्यानंतर लगेच आलो का लोक आमची तुलना करतात. करू द्या. पण मले त्याच्या सावलीत नका बसवू आन त्याले माह्या मागं नका ढकलू."

यावर 'हू मेड हू' पुन्हा काढून बाजूंप्रमाणे ऐकला. एसी/डीसीचा आधीचा गायक बॉन स्कॉट 19 फेब्रुवारी 1980 ला गेला आणि नवा गायक ब्रायन जॉन्सनला घेऊन त्याच वर्षीच्या जुलैत 'बॅक इन ब्लॅक' आला. 1986 च्या या अल्बममधे 1980 पासूनचं जॉन्सनचं बरंच काही आहे, आणि बॉनचं एकच गाणं: 1976 चं 'राइड ऑन', संथ, एकट्या माणसाचं. ते कुठं ठेवलंय? पहिल्या बाजूच्या शेवटी. त्याच्यानंतर कॅसेट उलटी करावी लागायची. म्हणजे त्याच्या आवाजावर दुसरा आवाज लगेच चढत नाही. ऐकणारा उठतो, बटण दाबतो, कॅसेट फिरवतो, आणि मग दुसऱ्या बाजूला घंटा वाजायला लागतात. ही जागा त्यांनी कशासाठी निवडली ते मी सांगू शकत नाही, पण कानाला ती काय देते ते मी तीस वर्षं ऐकत आलोय.

आमचा क्रम यावरून लागला. पहिलं रुळांचं, नवं. मग पोळ्याचं, जुनं. मग डफड्याचा तुकडा, मग रेच्याचं, म्हणजे जिनिंगचं, जुनं, आणि पाचवं शकुंतलेचं. पाचव्यानंतर कॅसेट फिरवायला कुणी उठणार नाही, म्हणून फाइलच्या शेवटी आठ सेकंद काही नाही. सहावं 2012 च्या कार्यक्रमातलं: ते लोकांच्या गलक्यानं सुरू होतं आणि गायकाचा तरणा आवाज त्या गलक्यातून वर येतो. सातवं रात्रीच्या पाण्याचं, आठवं जत्रेचं, जुनं, नववं बोंडअळीचं, आणि शेवट पुन्हा 2012 चा. पहिल्या गायकाची चार, आत्ताच्याची पाच, डफड्याचं एक. कुणी कुणाच्या सावलीत नाही.

पाचवं नवं गाणं गळलं. संथ, गोड, ड्रमरचं सगळ्यात लाडकं. नुसतं ऐकलं तर कदाचित सगळ्यांत सुरेख. पण रेच्याच्या गाण्यानंतर लावलं, जत्रेच्या आधी लावलं, कुठंही ठेवलं तरी दुसऱ्याच बँडचं वाटतं. वहीचं पहिलं पान उघडलं. ड्रमरला वाईट वाटलं, मलाही वाटलं. त्याला सॅबथचं 2007 चं संकलन आठवून दिलं, ऑझीनंतरचा गायक रॉनी जेम्स डिओ याच्या काळातल्या गाण्यांचं. त्यासाठी त्यांनी तीन नवी गाणी केली, ती करताना चौघांचं पुन्हा जमलं आणि हेवन अँड हेल नावानं 2009 साली अख्खा नवा अल्बम निघाला. संकलनासाठी केलेलं काम संकलनात संपतंच असं नाही. हे गाणं पुढच्या अल्बमचं पहिलं. वहीत तसं लिहिलं आणि त्याची सही घेतली.

21 ऑगस्ट, गुरुवार

उद्या पोळा. आज खांदशेकणी, त्यामुळं दुपारपर्यंत कुणी येणार नव्हतं. घरी बैलांना आवतन देऊन झाल्यावर मास्टरिंगला बसलो.

नव्या गाण्यांचा सरासरी आवाज उणे 10 लफ्सच्या (आवाजाचा मोठेपणा मोजायचं माप) जवळ, टेपवरच्या गाण्यांचा उणे 16. सोपा रस्ता म्हणजे लिमिटर लावून जुनी गाणी फुगवायची. मग खरखर पुढं येते आणि स्नेअरचा फटका चपटा होतो. नवी गाणी खाली आणली, जुनी किंचित वर घेतली, सगळं उणे 14 च्या आसपास बसवलं. शिखर उणे 1 डेसिबलच्या वर कुठं जात नाही. तसंही नेटवरच्या मोठ्या सेवा जास्त फुगवलेलं गाणं आपणच खाली आणतात. फुगवून मिळतं काय, तर फक्त चपटेपणा.

नव्या गाण्यांच्या झांजांची अगदी वरची धार थोडी घासली, कारण टेप तितक्या वर जात नाही. गिटार कडेपर्यंत पसरल्या होत्या, त्या आत ओढल्या. बेसवाला हेडफोन लावून दहाच्या दहा गाणी एका बैठकीत ऐकत होता. चौथ्यावरून पाचव्यावर गेलं तेव्हा त्यानं आवाजाच्या बटणाला हात लावला नाही. सातव्यावरून आठव्यावर गेलं तेव्हाही नाही. मी तेवढंच बघत होतो.

30 ऑगस्ट, शनिवार

गणपती बसले, माझा साउंडचा सीझन सुरू. रात्री मंडळांचं काम, दिवसा हे.

दहाही गाण्यांना आयएसआरसी क्रमांक मिळाले. प्रत्येक रेकॉर्डिंगचा बारा अक्षर-अंकांचा स्वतंत्र क्रमांक, ज्यावरून कुठं किती वाजलं त्याचा हिशेब लागतो. जुन्या कॅसेटींना असलं काही कधी लागलंच नव्हतं, आता वहिनींच्या वार्षिक कागदाला त्याचा आधार आहे. श्रेयांमधे डफडंवाले मामा, पेटीसाठी भजनी मंडळ, जागेसाठी जिनिंगचे मालक अशी सगळ्यांची नावं त्यांना विचारून, ते जशी लिहितात तशी घातली. नेटवर सगळीकडे घटस्थापनेला येईल अशी तारीख दिली आहे.

पण आमचा ऐकणारा निम्मा तर ट्रॅक्टरवर आहे. त्याच्यासाठी पेनड्राइव्ह. 320 ची एमपी3 काढली. ट्रॅक्टरमधले बरेच स्वस्त प्लेअर नावाचा क्रम बघत नाहीत, फाइल ज्या क्रमानं ड्राइव्हवर टाकली त्या क्रमानं वाजवतात. सगळ्या एकदम ओढून टाकल्या तर शकुंतलेनंतर काहीही लागू शकतं आणि मधले आठ सेकंद वाया जातात. म्हणून ड्राइव्ह आधी फॉरमॅट करायचा आणि 01 पासून 10 पर्यंत एकेक फाइल हातानं टाकायची, पहिली पूर्ण गेल्यावर दुसरी. ड्रमरच्या पुतण्यानं हे काम अंगावर घेतलंय. पहिले ड्राइव्ह मायच्या घरी, मंदिरात, मामांकडे आणि जिनिंगवर. बाकीचे उद्यापासून बाजारात.